गूळ गोड लागेना

मालवणजवळच्या एका वाडीत हरिश्चंद्राची एकच बढाई ऐकू येई, "माका ओळखूक येवचो नाय, असो पालो रानात उगवूकच नाय!" कुणाला गजकर्ण झालं की तो टाकळ्याचा पाला चोळायला देई, कोयता लागला की एकदांडीचा रस पिळी. खरं तर औषधं येत पाच-सहाच. बाकी सगळा आवाज!

२००४ च्या श्रावणात तो शेजारच्या बाबूबरोबर रानभाजी काढायला गेला. बाबूने कुंपणावरच्या वेलीची पानं तोडून विचारलं, "ह्यो रे कसलो पालो?"

हरिश्चंद्राला ठाऊक नव्हतं. पण तसं कबूल केलं तर तो हरिश्चंद्र कसला! "दातांका बरो!" म्हणत त्याने चार पानं कराकरा चावली. तेवढ्यात गवतात पायाला कच्चकन काहीतरी टोचलं. बाजूला सळसळ झाली.

"बाबू, सर्प!"

दोघे घरी कसे पोचले, त्यांनाच कळलं नाही. पायावर रक्ताचा ठिपका बघून बायको हिरा गुळाचा खडा घेऊन धावली. विष चढलं की गूळ गोड लागत नाही, असं वाडीतली जुनी माणसं सांगत.

"गोड लागता काय ओ?"

हरिश्चंद्राचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "गो हिरा... वाळूसारखो लागता गो!"

साखर दिली. तीही वाळू! हिराने हंबरडाच फोडला.

रिक्षा मालवणच्या दिशेने उधळली. हरिश्चंद्राचे हातपाय गार, जीभ जड, डोळ्यांपुढे काजवे. आपण आता पाच मिनिटांचे सोबती, असं वाटून त्याने हिराचा हात धरला.

"हिरा, मनात ठेवन मेलंय तर माका गती नाय. राखणदार देवाक दिवचो तुझो कोंबडो कोल्यान नाय नेलो. मी आणि बाबून खाल्लो!"

हिराचं रडणं खटकन थांबलं. पुढे बसलेला बाबू रिक्षावाल्याला आणखी चिकटला.

दवाखान्यात डॉक्टरांनी चिमट्याने पायातून बोराटीचा काटा काढला.

"साप कुठला? काटा आहे! आणि गूळ गोड लागत नाही म्हणता, तर तोंडात काय चावलं होतं?"

बाबूने खिशातलं पान दाखवलं. डॉक्टर हसत सुटले. "बेडकीचा पाला! हा चावला की बराच वेळ गोड कळत नाही. जा घरी, ठणठणीत आहात!"

हरिश्चंद्राचा जीव भांड्यात पडला. मग त्याने हिराकडे पाहिलं. ती शांतपणे पदर खोचत होती.

तो डॉक्टरांच्या कानाशी वाकला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "साहेब, तरीपण दोन दिवस मला इथेच ॲडमिट करून घ्या ना!"