पाव ग्रॅमचा घोळ

वजनाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. औषधांच्या कारखान्यातल्या वजनखोलीत मी एकतीस वर्षं काढली आहेत. काचेच्या पेटीतला काटा, पितळेची वजनं, चिमटा आणि श्वास रोखून बसलेली मी. त्या खोलीत शिंकसुद्धा परवानगीनं बाहेर जाऊन द्यावी लागे. आमच्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "लेबल झाकणावर लावायचं नाही, बरणीच्या अंगावर लावायचं. झाकणं बदलतात." पुढे हाच धडा मी सतरा नव्या मुलींना दिला. त्यातल्या दोघींना तर रडवून दिला.

हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे सांगणार आहे ते ऐकताना तुम्ही माझ्याबद्दल थोडं तरी बरं मत ठेवाल.

माझ्या लेकीला चाळिशीत बंदुकीचा नाद लागला. खरी बंदूक नव्हे, एअरसॉफ्टची. दिसायला हुबेहूब खरी, पण तिच्यातून प्लास्टिकच्या पांढऱ्या गोळ्या सुटतात, मटाराच्या दाण्याएवढ्या. रविवारी गावाबाहेरच्या मैदानावर वीस-पंचवीस चांगली शिकली-सवरलेली माणसं तोंडाला मुखवटे लावून झाडांमागे दबा धरून बसतात आणि एकमेकांना या गोळ्या मारतात. ज्याला लागली त्यानं आपणहून हात वर करायचे आणि बाहेर पडायचं. मी विचारलं, "आणि कुणी हात वर केलेच नाहीत तर?" ती म्हणाली, "असं कुणी करत नाही, आई." माझ्या नणंदा तिथे खेळत नाहीत म्हणून.

जावयाला घरात बंदूक नको, खेळातलीसुद्धा नको. म्हणून ती माझ्याकडे असते, कपाटात, ह्यांच्या कोटांच्या कप्प्यात. हे गेल्याला नऊ वर्षं झाली. कोट मी देऊन टाकले होते, कप्पा रिकामाच होता. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लेक येते, बंदूक घेऊन जाते आणि रविवारी संध्याकाळी परत आणून ठेवते. दोन्ही खेपा मिळून पाऊण तास. पूर्वी ती नुसती मला भेटायला यायची, तेव्हा चार-चार महिने तिला जमत नसे. बंदूक आल्यापासून एकही महिना चुकलेला नाही. मी त्या बंदुकीची रोज धूळ पुसते.

पुसता पुसता एकदा मी तिला शिवणयंत्राचं तेलही घातलं. आतलं कसलंसं रबर फुगलं आणि लेकीला भर खेळातून परतावं लागलं. तेव्हा ती फार शांतपणे म्हणाली, "आई, आणखी एक घोळ झाला ना, तर सगळं सामान मैत्रिणीकडे नेऊन ठेवीन. तिच्याकडे गॅरेज आहे."

गॅरेज. मी त्या दिवसापासून कपाटाला हात लावतानाही चप्पल काढत असे.

पुढच्या खेपेला तिनं गोळ्यांची तीन पाकिटं आणून ठेवली. एकातली गोळी वीस शतांश ग्रॅमची, दुसऱ्यातली पंचवीसची, म्हणजे पाव ग्रॅमची, आणि तिसऱ्यातली अठ्ठावीसची. आपल्या बंदुकीला कुठली मानवते ते तिला पुढच्या महिन्यात तपासायचं होतं.

"हलकी गोळी वेगात सुटते, पण वाऱ्यानं भरकटते," ती म्हणाली. "जड गोळी सावकाश जाते, पण सरळ जाते."

"म्हणजे तुझ्या दोन्ही आत्या."

"आई, पाकिटांना हात लावू नकोस."

मी तीन आठवडे लावला नाही. चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, एका पाकिटाला बारीकशी चीर दिसली. आता चीर गेलेल्या पाकिटात वस्तू राहू द्यायची, हे मला या जन्मी जमणारं नाही. मी तीन सारख्या बरण्या घेतल्या, तिन्ही पाकिटं रिकामी करून कचऱ्यात टाकली आणि सुवाच्य अक्षरात तीन लेबलं लिहिली. वीस, पंचवीस, अठ्ठावीस. आणि लावली. कुठे? झाकणांवर. बरण्या इतक्या स्वच्छ दिसत होत्या की त्यांच्या अंगावर कागद चिकटवायला जीव होईना.

मग दमटपणा नको म्हणून तिन्ही झाकणं काढून बरण्या उन्हात ठेवल्या. अर्ध्या तासानं आले तर समोर तीन बरण्या, तीन झाकणं, आणि कुठलं कुणाचं याचा पत्ता नाही. मोठ्या बाई आज हयात नाहीत, ते त्यांच्या आणि माझ्याही दृष्टीनं बरंच झालं.

तरीही तेव्हा फार बिघडलेलं नव्हतं. बरण्या वेगळ्या होत्या. प्रत्येकीतल्या शंभर गोळ्या मोजून तोलल्या असत्या की झालं असतं. मी बरण्या मांडून बसले आणि तेवढ्यात फोन वाजला. माझ्याकडे फोन आठवड्यातून एकदा वाजतो, त्यामुळे धावत जायची सवय आहे. गाऊनची बाही पहिल्या बरणीला लागली, पहिली दुसरीला आणि दुसरी तिसरीला. तीन हजार गोळ्या फरशीवर उतरल्या. फोन चुकीचा होता. तरी मी चार मिनिटं बोलले.

मग सगळ्या गोळ्या झाडून, धुऊन, पुसून एका मोठ्या डब्यात भरल्या आणि विचार करत बसले. दिसायला सगळ्या सारख्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक गोळी ठेवली तर तो म्हणाला, शून्य. दुसरी ठेवली, शून्यच. माझा जुना काटा कारखान्याबरोबरच भंगारात गेला. शनिवार दोन दिवसांवर. डोळ्यांपुढे सारखं ते गॅरेज.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. गोळी बंदुकीतून सुटली की आपलं वजन आपणच सांगेल. हलकी असेल तर वर लागेल, जड असेल तर खाली. चादरीवर तीन पट्टे आखायचे, गोळी जिथे लागेल ते तिचं वजन. वजनखोलीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईलाच असं सुचू शकतं.

स्वयंपाकघराच्या दारावर पडद्याचा दांडा होता, त्यावर जाड चादर टाकली. मी पुढच्या खोलीत खिडकीपाशी उभी राहिले. मधे बारा पावलं. लेकीचा काळा मुखवटा तोंडावर चढवला, कारण सुरक्षिततेच्या बाबतीत मी कधी हयगय करत नाही. आणि पहिली गोळी झाडली. ती दाराच्या चौकटीवर आपटली, तिथून उघड्या मुख्य दरवाज्यातून बाहेर गेली आणि जिन्यावरून टप टप टप करत खालच्या मजल्यावर पोचली.

खालच्या मजल्यावर घड्याळजी राहतात. त्यांनी सगळी हयात घड्याळं दुरुस्त केली. दुकान विकलं, बायको गेली, आता नुसते बसून असतात. गॅलरीत पाणी कुणाचं गळतं यावरून आमचं बोलणं बंद होतं, त्याला अकरा महिने झाले होते. ते गोळी चिमटीत धरून वर आले.

"वहिनी, हे तुमचं का?"

मी मुखवटा वर केला. "हो. वीसची आहे की पंचवीसची?"

ते मुखवट्याबद्दल काही विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं नाही. "कशी ओळखायची?" म्हणाले. मी युक्ती सांगितली. ऐकताना त्यांचा चेहरा असा काही गंभीर झाला की मला वाटलं, हे आता हसणार. तर म्हणाले, "मी काय करू?"

सांगायची वेळच आली नाही, कारण दांड्याचा एक खिळा निखळला. घड्याळजींनी धावत जाऊन दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरला आणि चादरीच्या बाजूला अंग चोरून उभे राहिले. मी त्यांच्या डोळ्यांवर लेकीचा जाड चष्मा चढवला.

"हलू नका."

"हलत नाही. तुम्ही नेम धरा."

"हात खाली आले तर पट्टे चुकतील."

"वहिनी, हात खाली येणार नाहीत. मारा."

पन्नास गोळ्या झाडल्या. अकरा चादरीला लागल्या, त्यातल्या चार पट्ट्यांच्या बाहेर. बाकीच्या कपाट, पंखा, कॅलेंडर आणि एक घड्याळजींच्या चपलेत. बंदूक उजवीकडे ओढते, हा शोध मात्र पक्का लागला. खरं सांगू, त्या तासाभरात मी जेवढी बोलले तेवढी अख्ख्या महिन्यात बोलले नव्हते.

समोरच्या इमारतीतल्या बाईंना मात्र पट्टे दिसले नाहीत, युक्तीही दिसली नाही. त्यांना दिसलं ते एवढंच की तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत काळा मुखवटा घातलेली एक बाई रायफल रोखून उभी आहे आणि तिच्यापुढे एक म्हातारा हात वर करून थरथरतोय. तो थरथरत होता कारण दांडा जड होता.

पोलिस आले. एक हवालदार आणि एक पोलिसबाई.

"आजी, हत्यार खाली ठेवा."

"ठेवते. तुम्ही मात्र पाय जपून टाका. आधीच सगळ्या मिसळल्यात."

"काका, तुम्ही ठीक आहात ना? घाबरू नका. या माझ्याकडे."

"येता येत नाही," घड्याळजी म्हणाले. "मी दांडा धरलाय."

"कुणी धरायला लावला?"

"कुणी नाही. मी आपणहून आलो."

हवालदारानं पोलिसबाईकडे पाहिलं. असं उत्तर देणारा ओलीस त्यांना नोकरीत पहिल्यांदाच भेटला असावा. मी त्यांना बसवलं, वीस, पंचवीस, अठ्ठावीस समजावलं, झाकणांचंही कबूल केलं. हवालदारानं हातात तीन गोळ्या खेळवल्या आणि म्हणाला, "पण आजी, बारीक काटा आणायचा ना. सोनाराकडे असतो तसा."

"तो माझ्याकडे आहे," दांड्याखालून घड्याळजी म्हणाले.



"तुमच्याकडे काटा आहे?" मी म्हटलं.

"शतांश ग्रॅमपर्यंत दाखवतो. सोन्याची घड्याळं यायची ना, त्यासाठी घेतला होता."

"मग तासभर इथे हात वर करून काय उभे राहिलात?"

त्यांनी दांडा खाली ठेवला, खांदे चोळले. "काटा दिला असता तर तुम्ही तो घेऊन दार लावून घेतलं असतं, वहिनी."

मी त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला.  पोलिसबाईंनी फ्रिजवर लिहिलेला लेकीचा नंबर लावला.

लेक तासाभरात आली, ऑफिस टाकून, केस विस्कटलेले. दारातूनच तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पंखा, कॅलेंडर आणि डबा. पोलिस चहा पिऊन गेल्यावर ती खुर्चीत बसली.

"आई, तू बंदूक चालवलीस?"

"चालवली. उजवीकडे ओढते ती."

"हो. ओढते." मग ती उठली, कपाटातून पिशवी काढली, बंदूक आत घातली आणि चेन लावली. "मी मैत्रिणीला फोन केलाय. गॅरेजची किल्ली देते म्हणाली."

मी कपाटाकडे पाहिलं. कप्पा पुन्हा रिकामा.

"आणि गोळ्या?" मी विचारलं.

"मिसळलेल्या घेऊन काय करू? दर नेमाला गोळी वेगळी जाईल."

"मी निवडून ठेवते. घड्याळजींचा काटा आहे."

"तीन हजार? एकटी? डोळे फोडून घेशील." ती दारात थांबली. चपलेत पाय घातला, काढला. "शनिवारी येते. मिळून बसू."

शनिवारी ती आली, घड्याळजी काटा घेऊन वर आले आणि आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो. तीन वाट्या, लेबलं वाट्यांच्या अंगावर. एक एक गोळी काट्यावर ठेवायची, आकडा वाचायचा, वाटीत टाकायची. तीन तासांत पाचशे झाल्या. तिनं त्यातल्या हव्या तेवढ्या नेल्या आणि म्हणाली, "पुढच्या शनिवारी." महिन्याच्या नव्हे, आठवड्याच्या.

आता तुम्ही हिशेब केला असेलच की असे सहा शनिवार आणि डबा रिकामा. मीही केला होता. म्हणून सांगायला थोडं अवघड वाटतं, पण सांगते. दर बुधवारी दुपारी मी वाट्यांतल्या निवडलेल्या गोळ्या परत डब्यात ओतते. घड्याळजी म्हणतात, "वहिनी, हे बरं नव्हे." पण झाकण लावून डबा हलवायला तेच पुढे होतात. हात दुखतो म्हणून मी त्यांना एकट्याला हलवू देत नाही.

"आई, डब्याचा तळ काही दिसत नाही गं," लेक एकदा म्हणाली.

"डबा खोल आहे."

"हं," ती म्हणाली आणि पुढची गोळी उचलली.

असे पाच महिने झाले. हल्ली ती आली की पहिल्यांदा म्हणते, "तू चहा टाक, मी डबा काढते." मी चहा टाकते, ती आतून डबा आणते, मग बसतो.

मागच्या शनिवारी मी काट्यावर एक गोळी ठेवली. काटा म्हणाला, बत्तीस. चष्मा पुसून पुन्हा ठेवली. बत्तीस. दुसरी घेतली. तीही बत्तीस. घड्याळजींनी मान वाकवून आकडा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. बत्तीसची गोळी आमच्या घरात कधी आलीच नव्हती. मी कितीही ओतल्या तरी वीस, पंचवीस आणि अठ्ठावीसच निघायला हव्यात.

लेक मान खाली घालून आपल्या वाटीत गोळ्या टाकत होती. तिचे कान लाल झाले होते. लहानपणीही तिचे कानच आधी सांगायचे.

"काटा बिघडलाय का, काका?" तिनं वर न बघता विचारलं.

"काटा ठीक आहे," घड्याळजी म्हणाले.

मी उठून चौथी वाटी आणली. लेबल लिहिलं आणि वाटीच्या अंगावर चिकटवलं.

आज सकाळी ती आली, पिशवी खांद्यालाच ठेवली आणि म्हणाली, "तू चहा टाक, मी डबा काढते." मी स्वयंपाकघरात गेले. आतल्या खोलीतून कागदाचं पाकीट फाटल्याचा बारीक आवाज आला. मी चहा जरा जास्तच उकळू दिला.