पाचशे भोपळे आणि एक कोपर

बोरीच्या मारुतीपुढच्या मांडवात, विण्याच्या अगदी शेजारी कॉम्प्युटर मांडला, तेव्हा बायनाबाईंनी आधी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मग विचारलं, "मास्तर, ह्यो करतो काय?"

"हिसाब. सप्त्याला कुणी काय दिलं, किती शिधा आला, किती उरला. आमच्या बन्सीनं बनवलेला प्रोग्राम आहे."

बन्सीचं नाव निघताच बायनाबाईंनी पदराचं टोक ओठांवर धरलं. सप्त्याचा सगळा स्वयंपाक त्यांच्या हाताखाली चाले आणि कढयांपुढे त्यांचा आवाज कधी खाली आलेला कुणी ऐकला नव्हता. पण भाद्रपदात अनंतराव मास्तरांचा एकुलता एक मुलगा काविळीनं गेला, आणि तेव्हापासून सगळं गाव मास्तरांशी असं दबक्या आवाजात बोले, की जणू शेजारच्या खोलीत तान्हं निजलंय.

बन्सीधर परभणीला कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा. गावोगावच्या देवळांना वापरता यावा म्हणून त्यानं हा प्रोग्राम केला होता आणि त्याला कुलूप घातलं नव्हतं. कुणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, चुकलं असेल ते दुरुस्त करावं आणि पुढच्याला द्यावा. तो गेल्यावर त्याचा मित्र चंद्रभान यानं हे यंत्र वाकळेत गुंडाळून जीपमधून आणलं, मास्तरांना शिकवलं आणि निघताना बजावलं, "काका, लोकांनी वापरून चुका काढल्याबिगर मी हे दुसऱ्या गावाला देणार न्हाई. काल्याच्या आदल्या दिवशी येतो. तवर कुणी काहीच बोललं न्हाई, तर बन्सीचं काम तिथंच थांबलं म्हणायचं."

ते वाक्य मास्तरांच्या काळजात रुतून बसलं. पहिल्याच दिवशी ते माइकपुढे उभे राहिले. "मंडळी, कीर्तनात आपला टाळ चुकला की शेजारचा टाळकरी काय करतो? कोपर मारतो. आपण रागावतो का? नाही, सावरून घेतो. तसं कोपर मारायचं. मनाला येईल ते लिहून बघा, खोटं लिहिलं तरी चालेल. पण चूक दिसली की मला सांगा."

लोकांनी माना डोलावल्या. मास्तरांचं 'खोटं चालेल' मात्र कुणाच्या पचनी पडलं नाही. सात दिवस जो विणा खाली टेकत नाही, त्याच्यासमोर खोटं?

पहिली नोंद करायला देवस्थानचे प्रमुख माणिकराव बसले. त्यांनी 'भोपळे ५' लिहिलं, पण त्यांचं जाडजूड बोट शून्यावर रेललं आणि पडद्यावर पाचशे भोपळे उभे राहिले. माणिकरावांनी ही कळ दाबली, ती कळ दाबली. भोपळे जागचे हलेनात. एकदा लिहिलेलं खोडायची सोयच प्रोग्राममध्ये नव्हती.

"कसं वाटलं?" मास्तरांनी मोठ्या आशेनं विचारलं.

माणिकरावांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. "लय झकास, मास्तर," ते म्हणाले. "हुशार होतं पोरगं."

रिवाजाप्रमाणे त्या संध्याकाळी कीर्तनानंतर दिवसभराच्या नोंदी कर्ण्यावरून वाचल्या गेल्या. "माणिकराव यांचे पाचशे भोपळे!" मांडवात टाळ्या पडल्या. आता जबान गेली ती गेली. दुसऱ्या दिवशी माणिकरावांची बैलगाडी जिंतूरच्या बाजाराला गेली, तिथले भोपळे संपले तशी चारठाण्याला गेली. आल्यावर मारुतीच्या ओट्यावर भोपळ्यांची अशी रास लागली, की दर्शनाला वाकणाराला देव दिसेना.

मग हे लोण पसरतच गेलं. कुणाची पोतंभर डाळ दहा पोती झाली. कुणी गंमत म्हणून 'हत्ती १' लिहिलं आणि बिचारा दोन रात्री झोपला नाही. शेवटी त्यानं मातीचा हत्ती आणून देवापुढे ठेवला आणि विचारलं, "चालंल का?" ज्याला त्याला भुर्दंड बसला, पण मास्तरांनी विचारलं की उत्तर एकच: "झकास हाय. काय बी चूक न्हाई."

"अहो, ह्या तपासायच्या नोंदी आहेत! द्यायचं नसतं काही!" मास्तर काकुळतीला येऊन सांगत.

"आसंल," लोक म्हणत, आणि आणून देत.

मास्तर दिवसेंदिवस खचत चालले. कीर्तन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण बुवा रंगात आले तरी मास्तरांचे टाळ मांडीवरच पडून राहत. एवढं गाव वापरतं आणि एकालाही चूक दिसत नाही? म्हणजे बन्सीचं काम कुणी मनापासून बघतच नाही. नुसतं सांत्वन चाललंय. आणि सांत्वन काय, तेराव्याला पुष्कळ झालं होतं.

सहाव्या दिवशी चंद्रभान आला. "काय काका, निघाल्या का चुका?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. चंद्रभान यंत्र गुंडाळायला उठला. त्यानं वाकळ उलगडली.

तेवढ्यात तानुबाई म्हातारी काठी टेकत मांडवात आली आणि तिनं तुपाची तिसरी लोटी ठेवली. तिनं मास्तरांकडून एकच लोटी लिहवून घेतली होती. मास्तरांच्या हातून नकळत नोंदवायची कळ तीनदा दबली आणि एकीच्या तीन झाल्या. घरात एकच म्हैस. तीन दिवस नातवंडांच्या भाकरीवर तूप पडलं नव्हतं.

बायनाबाईंनी ते पाहिलं आणि हातातली पळी कढईवर आपटली.

"मास्तर! तुमच्या लेकाच्या मशीनीत चूक हाय!"

मांडवातल्या साऱ्या माना वळल्या. माणिकराव कुजबुजले, "बायना, आगं गप."

"का म्हून गप? चार दिस भोपळा शिजवायलेय मी! सकाळी भोपळा, सांच्याला भोपळा! ल्हिलेलं खोडता येत न्हाई, म्हून समदं गाव आणून घालायलंय. तुमाला वाईट वाटंल म्हून कुणी बोलंना. ही म्हातारी नातवांच्या तोंडचं तूप आणायलीय, मास्तर!"

मास्तर ताडकन उठले. आता काय होतं म्हणून लोक बघत राहिले. मास्तरांनी बायनाबाईंपुढे हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ओठांवर हसू होतं. "बसलं," ते म्हणाले. "कोपर बसलं. चंद्रभान, वाकळ ठेव बाजूला."

तुपाच्या लोट्या तानुबाईच्या घरी परत गेल्या. चंद्रभान यंत्रापुढे बसला. कुलूप नव्हतंच, त्यानं बन्सीचा प्रोग्राम उघडला आणि हरिपाठ संपेपर्यंत खोडायची सोय करून टाकली. "आता खोडून बघा, काका. अगदी पहिली नोंद घ्या. सप्त्याच्या आधीची हाय, बन्सीनंच तपासायला टाकलेली."

मास्तर वाकून वाचू लागले. 'बन्सीधर अनंतराव, बोरी. काल्याची पंगत.'

काल्याच्या पंगतीचा खर्च यंदा कुणी अंगावर घेतलाच नव्हता. जो तो आपापल्या खोट्या नोंदी फेडण्यात रिता झाला होता.

मास्तरांचं बोट कळेवर थांबलं.

"खोडा की, मास्तर," माणिकराव हळूच म्हणाले. "तपासायची नोंद हाय ती."

मास्तरांनी विण्याकडे पाहिलं. "विण्यासमोर आहे, माणिकराव," ते म्हणाले आणि बोट उचललं.

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं, दहीहंडी फुटली आणि बन्सीधरच्या नावानं गाव जेवायला बसलं. पोळ्या मास्तरांच्या घरच्या गव्हाच्या होत्या. भाजी अर्थात भोपळ्याची.

"माफ करा, मास्तर," वाढताना बायनाबाई म्हणाल्या. "बन्सीला चालत न्हवता. पत्रावळीखाली दडवायचा लबाड. पर दोनशे उरल्यात, मी तरी काय करू?"

"वाढा," मास्तर म्हणाले. "झकास आहे."

पंगत उठली. बायनाबाई पत्रावळी गोळा करत मास्तरांच्या जागेपाशी आल्या. पान चाटूनपुसून लख्ख. त्यांनी ते उचललं, तर खाली भोपळ्याची एक फोड दडवलेली.

ही चूक मात्र बायनाबाईंनी कुणालाच सांगितली नाही.