मर्ल हॉस्टेटरचा खिळा

मर्ल हॉस्टेटरने बायकोच्या उशीची खोळ टराटरा फाडून बंदूक पुसली, आणि बायको भांडली नाही. तेव्हापासून मर्लच्या मनात पाल चुकचुकायला लागली.

खोळ साधीसुधी नव्हती. आर्लीनच्या आजीने लग्नात दिलेली, कडेला निळी फुलं भरलेली. पण ख्रिसमस उलटून ठासणीच्या बंदुकांचा मोसम सुरू झाला होता, घरातल्या चिंध्या संपल्या होत्या, आणि मर्लच्या मते बंदूक थांबत नसते, खोळ थांबते. ठासणीच्या बंदुकीने एक बार जरी काढला, तरी त्याच दिवशी नळी धुवावी लागते. काळी दारू नळीत राहिली तर सकाळपर्यंत गंज धरते. म्हणून दर मोसमात आर्लीनच्या स्वयंपाकघरात साबणाचं पाणी उकळायचं, मर्ल ते नळीत ओतून गजाने खालीवर घुसळायचा, आणि सडक्या अंड्यांचा वास पडद्यांत मुरून ईस्टरपर्यंत टिकायचा. एकोणतीस वर्षं आर्लीन यावर रोज बोलत आली होती. आणि आज खोळ गेली, तर तिने नुसतं बघितलं आणि म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक बरणी आली. आत गोल कापलेल्या चिंध्यांची चवड होती. मऊ फ्लॅनेल, लाल, निळ्या, हिरव्या चौकड्यांचं, एकेक तुकडा डॉलरच्या नाण्याएवढा.

"बंदुकीसाठी आहेत," आर्लीन म्हणाली. "आता माझ्या कपाटाला हात लावायचा नाही."

मर्लने बरणी उजेडात धरून पाहिली. हिला काय हवंय? नवा स्टोव्ह? की आई येणार आहे राहायला? त्याने आडून विचारलं, सरळ विचारलं, पण ती म्हणाली की काही नकोय. हे तर फारच गंभीर होतं. टपालवाला हसून बोलला तर पेटी दोनदा तपासणारा हा माणूस. पण चिंध्या उत्तम होत्या. तेल असं प्यायच्या की पन्नास वर्षांत त्याने तसं कापड पाहिलं नव्हतं, आणि हे त्याने आर्लीनला बोलूनही दाखवलं. त्यावर ती गोड हसली.

मर्लला जगात कशाची काळजी असेल तर ती एका खिळ्याची. डोंगरावर त्यांचा शिकारीचा कॅम्प होता. लाकडी खोली, शेगडी, आठ खाटा. तिथला नियम जुना होता. ज्याचा नेम चुकला, त्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे मागचा लोंबता भाग, कात्रीने कापायचं, त्यावर नाव आणि तारीख लिहायची आणि त्याच्या खिळ्याला ठोकायचं. भिंतभर शेपटं लोंबत होती. आर्लीनचा भाऊ ड्वाइट ब्रुबेकर याची एकट्याची अकरा होती. मर्लच्या खिळ्याला सव्वीस वर्षांत एकही नव्हतं. त्या खिळ्याला तो आपली टोपी अडकवायचा, आणि अडकवताना उगाचच जरा वेळ लावायचा. ते सगळ्यांना दिसायचं. म्हणूनच कॅम्पवरचा प्रत्येक जण आपल्या वाईटावर टपलाय, याबद्दल मर्लला शंका नव्हती.

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी त्याने बंदूक पुन्हा धुवायला घेतली. नळीच्या बुडाशी बाजूला एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. वरच्या रंजकीची, म्हणजे बाहेर ठेवलेल्या चिमूटभर दारूची, आग त्या कानातून आत जाते आणि नळीतली दारू पेटते. धुताना पाणी त्यातून गळू नये म्हणून मर्ल तिथे दात कोरायची काडी खोचायचा. काडी खोचली, पाणी घातलं, घुसळलं. सगळं चालू असताना शेजारच्या खोलीतून कात्रीचा आवाज येत होता. कच, कच, आणि मध्येच आर्लीनचं गुणगुणणं. मर्लचं अर्धं लक्ष तिकडे. त्याने काडी ओढून काढून खिशात टाकली, नळी कोरडी केली, तेल दिलं, आणि हळूच दाराशी जाऊन बघितलं. आर्लीनने मांडीवरचं काहीतरी शालीखाली सरकवलं.

"झोप जाऊन," ती म्हणाली. "उद्या नेम चुकायला नको."

नव्या वर्षाच्या सकाळी तो कॅम्पवर पोचला. सगळ्यांच्या बंदुका नेहमीप्रमाणे बाहेर ओसरीवर ठेवलेल्या होत्या. गारठ्यातून उबेत नेल्या की लोखंडाला घाम सुटतो, म्हणून बंदूक आत न्यायची नाही. मर्लनेही आपली तिथेच टेकवली आणि कॉफी प्यायला आत गेला. शेगडीवर डुकराचं मटण आणि आंबवलेला कोबी रटरटत होता. वर्षाच्या पहिल्या दिवशी तो खाल्ला नाही तर वर्ष वाईट जातं, असं तिथे शेंबडं पोरही सांगेल. मग सगळे आपापल्या झाडांकडे पांगले.

नऊच्या सुमाराला हरीण आलं. चाळीस पावलांवर, आडवं उभं, निवांत. मर्लने चाप ओढला. चकमक झडली, रंजक भक्कन पेटली, भुवईचे चार केस गेले. आणि पुढे काही नाही. नळीने हूं की चूं केलं नाही. हरणाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, धूर विरेपर्यंत वाट पाहिली आणि चालत निघून गेलं.

"चुकला," पलीकडच्या झाडामागून ड्वाइटचा आवाज आला. तो आवाज त्याने सव्वीस वर्षं घोटून ठेवला असावा.

"उडालीच नाही तर चुकेन कसा?"

"हरीण गेलं ना? मग चुकला."

हा तंटा पॅपपुढे आला. पॅप क्लिंगर ब्याऐंशी वर्षांचे, कॅम्पचे सर्वांत जुने, आणि त्यांचा शब्द तिथे कायदा. त्यांनी आधी बंदूक ओसरीवरच नळी बाहेर करून धरली, उशिरा उडू शकते म्हणून बराच वेळ थांबले, मग पाणी ओतून आतली दारू मारली आणि गजाला स्क्रू लावून गोळी उपसली. तोवर सगळे चुळबुळत कोबीच्या वासावर उभे होते.

"हे बघा," पॅप म्हणाले, "मालकाने नीट साफ केली नसेल, तर चूक मालकाची. शेपूट कापायचं. पण दुसऱ्या कोणी काही केलं असेल, तर त्याचं कापायचं. आणि पुढचा मोसम त्याने कॅम्पवर यायचं नाही."

मग रिकामी झालेली बंदूक त्यांनी आत टेबलावर घेतली, कानात तार घातली, फिरवली, आणि टेबलावर एक इवलासा तुकडा पडला. लाकडाचा, ओला, लालसर. पॅपनी तो नाकाशी नेला.

"दालचिनी," ते म्हणाले.

सगळ्यांच्या माना एकदम ड्वाइटकडे वळल्या. दालचिनीच्या अर्कात भिजवलेल्या, दात कोरायच्या काडीशिवाय ड्वाइट दिसायचाच नाही. आत्ताही त्याच्या तोंडात एक लाल काडी होती. ती हलायची थांबली.

मर्लला हलकं हलकं वाटलं. सव्वीस वर्षं आपण ज्याची वाट बघत होतो ते हेच, असं वाटलं. बंदूक ओसरीवर कोणाच्या बंदुकीशेजारी होती? अकरा शेपटं कोणाची? त्याने एकेक मुद्दा बोट दुमडून मांडला. ड्वाइट शपथा घेत राहिला, पण तोंडात काडी ठेवून घेतलेल्या शपथा कोणाला खऱ्या वाटत नव्हत्या.

"मी असं करीन वाटतं तुला?" त्याने मर्लला विचारलं. "गेल्या वर्षी तुझं हरीण दरीतून कोणी ओढलं? पाठ धरली होती माझी."

"म्हणूनच तर," मर्ल म्हणाला. का ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

पॅपनी कात्री मागितली. मर्लने आरामात खिशात हात घातला, आणि बोटाला काहीतरी टोचलं.

त्याने ते खिशातल्या खिशात चाचपलं. अर्धी काडी. एका बाजूने टोक, दुसऱ्या बाजूने मोडलेली. बाहेर काढून बघायची गरजच नव्हती. ख्रिसमसच्या जेवणात ड्वाइटने काड्या वाटल्या होत्या, तेव्हा मर्ल सगळ्यांसमोर म्हणाला होता की असले चाळे पोरांना शोभतात. मग ड्वाइट हात धुवायला गेल्यावर त्याने डबीतल्या मूठभर उचलल्या होत्या. काल साध्या काड्या संपल्या, म्हणून त्यातलीच एक कानात खोचली. अर्धी बाहेर आली, अर्धी आत राहिली. आणि आपण कात्रीच्या आवाजाकडे कान लावून बसलो होतो.

शेगडी दोन पावलांवर होती. हात शेकायच्या निमित्ताने जायचं, बोटं सोडायची, संपलं. खिळा रिकामा राहिला असता. ड्वाइट खाली मान घालून शर्ट पँटमधून ओढत होता, आणि त्याची पाठ अजून धरलेली आहे हे त्याच्या वाकण्यातून दिसत होतं. मर्लला स्वतःची लाज वाटली. लाज वाटायची सवय नसल्यामुळे ती जरा जास्तच वाटली.

त्याने काडी टेबलावर ठेवली. पॅपनी दोन्ही तुकडे जोडून पाहिले. बेमालूम जुळले.

मग ड्वाइटने सावकाश विचारलं, "म्हणजे तुला आवडतात?"

"बऱ्या असतात," मर्ल म्हणाला.

"मर्ल, पाठ कर," पॅप म्हणाले.

मर्लने पाठ केली. डोळे मिटले. शर्ट बाहेर ओढला गेल्याचं जाणवलं. पण कात्रीचा आवाज येईना. मागे कुजबुज सुरू झाली. त्याने मान वळवून पाहिलं, तर सगळे त्याच्या कमरेकडे टक लावून उभे होते. तिथे शेपूट नव्हतंच. कमरेच्या खाली बोटभर कापड, पट्टी लावून कापल्यासारखं सरळ.

"हे कधीचं?" पॅपनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"कधीचं म्हणजे? मला काय माहीत?"

"म्हणजे दुसऱ्या कॅम्पवर जाऊन चुकतोस आणि इथे टोपी टांगतोस?"

सव्वीस वर्षं एका क्षणात संशयात गेली. एकाला आठवलं की तीन वर्षांपूर्वी मर्ल दोन दिवस गायब होता. दुसरा म्हणाला, मला आधीपासूनच शंका होती. मर्ल शपथा घ्यायला लागला, आणि आपला आवाज मघाच्या ड्वाइटसारखा येतोय हे त्याला ऐकू आलं.

त्याला सोडवलं ते ड्वाइटने. त्याने मर्लच्या दारूच्या पिशवीतून पुसायची एक चिंधी काढली. निळी चौकडी, गोल, तेलाने काळवंडलेली. ती त्याने शर्टाच्या कापलेल्या कडेला लावली. चौकडीला चौकडी मिळाली.

"या कोणी दिल्या तुला?"

मर्लने सांगितलं. आधी बरणीचं सांगितलं, मग नाइलाजाने खोळीचंही.

"आजीची? निळ्या फुलांची?" ड्वाइट मटकन खाटेवर बसला. "अरे, ती माझी बहीण आहे. लहानपणी मी तिच्या बाहुलीचे केस कापले, तेव्हा पण नुसतं 'बरं' म्हणाली होती. शाळेच्या फोटोच्या दिवशी सकाळी उठलो तर मला एक भुवई नव्हती."

पॅपनी निकाल दिला. शेपूट नसलं तरी चूक आहेच, तेव्हा जे शिल्लक आहे ते ठोकायचं. ती काळी गोल चिंधी मर्लच्या खिळ्याला लागली, खाली नाव आणि तारीख. पॅपनी कोबी वाढला. मर्ल टोपी मांडीवर ठेवून जेवला, आणि ड्वाइटने काड्यांची डबी त्याच्या ताटाशी सरकवली.

घरी आल्यावर तो थेट कपाटाकडे गेला. फ्लॅनेलचे सात शर्ट, अंगावरचा धरून. त्याने एकेक उलटा करून बघितला. सातांपैकी एकालाही शेपूट नव्हतं. पुढच्या सहा चुकांची सोय होऊन बसली होती.

स्वयंपाकघरात आर्लीन पाणी उकळायला ठेवत होती, बंदुकीचं. टेबलावरची बरणी रिकामी झाली होती. मर्ल दारात उभा राहिला. मग त्याने एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "आर्लीन, पुसायला काय घेऊ मी?"

आर्लीनने थोडा विचार केला.

"तुझे रविवारचे रुमाल आहेत की," ती म्हणाली. "ते अजून चांगले आहेत."

मर्ल म्हणाला, "बरं," आणि रुमाल आणायला गेला.