तीस अंशांचे आबा

पत्र्याला भोक दिसलं की आमचे शेजारी शिरपतीआबा त्यात काडी घालतात. एक डोळा मिटून काडीच्या रेषेत डोंगराकडे बघतात आणि घरमालकाला विचारतात, "परवा कुटं लगीन व्हतं का?"

आमची वाडी बेडशाच्या लेण्यांच्या अलीकडे. इथे बांधावर दोरी घेऊन कोणी उभा राहिला तरी तो जमिनीचा दलाल वाटतो. आबांच्या हातात तर कोनमापक, त्याला दोऱ्याने टांगलेला लोखंडी नट. म्हातारा कुणासाठी तरी चोरून मोजणी करतोय, असं वाडीने ठरवूनच टाकलं होतं. आबांचा संशय उलट साऱ्या जगावर. डोंगरापलीकडच्या फार्महाऊसवर लग्नाचा बँड वाजला, की ते अंगणातून उठून भिंतीआड बसत.

मी लोणावळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. एका रविवारी सकाळी आबा माझ्याच पडवीच्या पत्र्यावर दिसले. मला वाटलं, भोकं हेच पाडत असणार.

"आबा, खाली उतरा आधी."

"बाई, गोळी हाय. डोंगरापलीकडनं आलीय."

"तीन किलोमीटरवरून?"

"बंदूक आडवी धरली तर गोळी लवकर मातीत जाती. तोंड वर केलं की लांब जाती. तीस अंशाच्या आसपास धरा, लय लांब."

"पंचेचाळीस," मी म्हटलं. "सगळ्यात लांब पंचेचाळीस अंशांवर जाते."

"ते तुमच्या पुस्तकात. पुस्तकात हवा न्हाई."

हवेचा विरोध नाही असं धरू, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

आबांनी काडीच्या रेषेत बघून खालच्या कोंड्याच्या पोत्याकडे बोट केलं. त्यांना खोटं पाडायचं म्हणून मीच ते पोतं उपडं केलं. तळाशी तांबूस रंगाची गोळी निघाली.

पोलीस पाटलांनी फार्महाऊसवर जाऊन समज दिली. तिथला माणूस म्हणे हसून म्हणाला, "आम्ही तर आभाळात मारली." त्यानंतर बँड वाजला, पण बार ऐकू आला नाही.

माझा संशय मात्र गेला नाही. एवढं सगळं या माणसाला का माहीत असावं? शेवटी विचारलंच.

आबा तरुणपणी लष्कराच्या एका जुन्या चांदमारीवर, गोळीबाराच्या सरावासाठी निशाणं लावायला होते. एकदा बहीण हौसा लांबच्या माळावर गवत कापताना पडली. पिंढरीतून रक्त. ती म्हणाली, गोळी लागली. साहेबांनी आबांना बोलावून विचारलं, गोळी इतकी लांब जाईल का?

"मी म्हनलं, न्हाई साहेब. दगड लागला आसंल." आबा नट बोटाने फिरवत राहिले. "मला खरंच वाटत व्हतं तसं. पुढं एका सुभेदारानं कोनाचं गणित समजावलं. तवर ती लंगडी झालती. माज्याशी बोलायची बंद झालती."

"मग सांगितलं नाहीत तिला?"

"कुटल्या तोंडानं?"

पुढच्या रविवारी मी त्यांना पवनेकाठी हौसाबाईंच्या गावाला घेऊन गेले. हौसाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. भावाला पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं, पण उठल्या नाहीत.

आबा उंबऱ्याबाहेरच थांबले. "हौसा, तुला गोळीच लागली व्हती. मी साहेबाला चुकीचं सांगितलं."

हौसाबाईंनी आपल्या पिंढरीवरून हात फिरवला.

"मला ठाव व्हतं," त्या म्हणाल्या. "पाय माजाच व्हता."

आबांची मान खाली गेली. हौसाबाई दाराच्या चौकटीला धरून हळूहळू उठल्या आणि चुलीकडे निघाल्या.

"दादा, पाय धू. भात व्हतोय."