साडूची होडी आणि मैनाचं ताम्हण

हे मी आपण होऊन सांगत नाही. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकात एक पान रिकामं राहिलंय, म्हणून यज्ञेश्वर माझ्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसलाय. (चहा पितो, उठत नाही.) मी चौथी पास. शुद्धलेखन त्याचं त्यानं बघावं.

माझा जन्म गेला लोखंडात. निम्म्या कर्वेनगरचे चोर माझ्या ग्रिलनी अडवलेत. पण आमच्या हिला, सोजरला, कौतुक कोणाचं? धाकट्या बहिणीच्या, मैनाच्या, नवऱ्याचं. जयसिंग, माझा साडू. धायरीत शेड टाकून ॲल्युमिनियमच्या होड्या जोडतो. "जयसिंगरावांचं वेल्डिंग म्हणजे वेणी घातल्यासारखं," हे ती मला माझ्याच ग्रिलवर टॉवेल वाळत घालताना ऐकवते.

एका रविवारी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. खडकवासल्याच्या भैरूची होडी पालथी पडलेली, बुडाला बोटभर चीर. जयसिंगच्या वेल्डिंगला भरायच्या तारा संपत आल्या होत्या, उरल्या होत्या दोन-चार. आणायला निघताना म्हणाला, "दादा, निवांत बसा. फक्त कशाला हात लावू नका."

"हो, ऐका त्यांचं," सोजर म्हणाली.

झालं. हात लावायचं तिथंच ठरलं.

आता, ॲल्युमिनियमला सोवळं फार. त्याचा ब्रश वेगळा, लोखंडाला शिवलेला चालत नाही. जयसिंगनं तो उंच खुंटीला टांगलेला. मला वाटलं, नखरे. मी गंजकं गेट घासायचा ब्रश घेतला. पातळ पत्र्यामागं तो तांब्याची पट्टी लावतो, जास्तीची उष्णता ओढून घ्यायला. ती काही सापडेना. मग मैनाच्या देवघरातलं तांब्याचं ताम्हण उचललं आणि विटा लावून चिरेखाली बसवलं. (देव आधी बाजूला ठेवले. मी काही नास्तिक नाही.)

लोखंड वितळायच्या आधी लाल होतं. सांगतं, बाबा, आता सांभाळ. मी आच लावून लाल व्हायची वाट बघत बसलो. हे ॲल्युमिनियम लबाड. शेवटपर्यंत पांढरंच राहतं आणि एकदम खाली गळतं. चीर गेली, भोक आलं. भोक बुजवायला गेलो, पुरीएवढं झालं. पुरी बुजवली, तिची भाकरी झाली.

मैना चहा घेऊन आली. "दाजी, चीर एवढी नव्हती ना?"

"होती. तुला दिसली नसेल."

"आणि हे माझं ताम्हण?"

ताम्हणात माझं सगळं काम थिजून बसलं होतं.

जयसिंग आला. तो काय बोलेल त्याला मी उत्तरं तयार ठेवली होती. तो एवढंच म्हणाला, "होतं असं, दादा." मग गोल ठिगळ कापलं, सोवळ्याच्या ब्रशनं घासलं, एक टाका इकडे, एक पार तिकडे, पत्रा तापू न देता थांबत थांबत शिवलं. वेणीच. सोजर मान वाकडी करून बघत होती. माझ्याकडे तिनं लग्नातसुद्धा असं बघितलं नव्हतं.

ताम्हण मैनानं आम्हालाच देऊन टाकलं. तो गोळा काही केल्या निघत नाही. सोजर रोज त्यात देवाला आंघोळ घालते आणि आल्यागेल्याला दाखवते, "ह्यांनी केलंय." (ॲल्युमिनियममधलं माझं हे एकच काम गळत नाही.)

जयसिंगनं दोन शिव्या घातल्या असत्या, तर मीही दोन घातल्या असत्या आणि फिट्टंफाट झाली असती. 'होतं असं' म्हणून बायकोदेखत माझी लाज काढली. त्याबद्दल त्याची माफी अजून यायची आहे. यज्ञेश्वर, नाव नीट, ठळक अक्षरात छाप: जयसिंग पासलकर, धायरी.

(ही आतून सांगतेय, फोन नंबरही टाका, कोणाला होडी करून घ्यायची असेल.)