पहिल्या धुण्याच्या पाण्याची हकीकत

श्रीसरस्वती जागती असो आणि लिहिणाराचा हात बोरूवर ठरो. शके अठराशें एक्याण्णव, सौम्यनाम संवत्सर, भाद्रपदमासीं एक राज्य होतें, त्याचें नांव लिहिण्याची आज्ञा नाहीं. राज्य दुमजली, तटबंदी काचेच्या कपाटांची, फौज परीक्षानळ्यांची. तेथें गोदूबाईसाहेब साठये या विदुषी बारा वर्षें एकाच मुलखावर मोहीम मांडून बसल्या होत्या. मुलूख म्हणजे जिवंत पेशी. डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु आंत दफ्तरखाना आहे, आणि तेथून हुकुमांच्या नकला निघतात, आणि त्या नकला वाचून रायबोसोम नामें बारीक कारखाने प्रथिनें घडवितात, आणि त्या प्रथिनांवर सर्व देह चालतो. बाईसाहेबांची प्रतिज्ञा ऐसी कीं, पेशी फोडून हेंच काम बाहेर उघड्या नळींत करवून दाखवावें, म्हणजे कोणाची चाकरी काय तें कळेल. मग त्यांनीं कारखाने वेगळे काढिले आणि खारट पाण्यानें धुतले. बाईसाहेब सोवळ्याओंवळ्याच्या घरांत वाढलेल्या. देव फारसा मानीत नसत, परंतु धुणें मानीत. एकदां धुवून मन भरेना, म्हणून तीनदां धुवीत, आणि धुण्याचें पाणी मोरींत ओतवीत. नळी ऐसी निर्मळ होई कीं पाहात राहावें, आणि प्रथिन मात्र औषधालाहि नाहीं!

राज्याचे धनी डॉक्टर त्र्यंबकराव मोहोनी. त्यांनीं बोलावून म्हटलें, “बाई, दसऱ्यापर्यंत वाट पाहूं. नाहीं साधलें, तर खोली दुसऱ्या कामास द्यावी लागेल. आपण शिकवण्याकडे वळावें, आपल्याला तेंहि छान जमेल.” बोलणें गोड, परंतु घाव वर्मीं बसला. बाईसाहेब जिन्यांत थांबून डोळे पुसत्या जाहल्या, आणि मग खोलींत येऊन तेच कारखाने चौथ्यांदा धुत्या जाहल्या. त्यांस दुसरें काय ठाऊक!

मग आश्विनांत मोरी तुंबली. दुरुस्तीवाला आज येतों, उद्यां येतों म्हणे. काचसामानाच्या मुखत्यार भागूबाई शेलार, वीस वर्षें नळ्याबाटल्या घांसणाऱ्या. त्यांनीं धुण्याचें पाणी बाटल्यांत भरून थंड खोलींत ठेविलें, आणि अक्षर येत नसे म्हणून पहिल्या धुण्यास एक रेघ, दुसऱ्यास दोन, ऐशा खुणा केल्या. अष्टमीस बाईसाहेबांनीं त्या पाहिल्या.

“भागूबाई, हें काय सांठवलंत?”

“तुमचंच धुनं हाय, बाई. मोरी तुंबलीया, वतू कुटं? आन येक इचारू का? तांदूळ इतका चोळचोळून धुतला, तर भातात काय ऱ्हाईल? समदं पान्यात जातंय. आमी ते पानी म्हशीला घालतो. म्हस बगा कशी हाय!”

बाईसाहेबांनीं एका रेघेची बाटली उचलून उजेडास धरिली. बारा वर्षें ज्यास मळ म्हटलें, तो मळच होता हें पाहिलें कोणीं? दुसरे दिवशीं त्यांनीं धुतलेल्या कारखान्यांवर एका रेघेच्या बाटलींतलें पाणी परत घातलें. आतां प्रथिन घडलें कीं नाहीं तें मोजणीयंत्र सांगावयाचें. परंतु त्या दिवशीं खंडेनवमी. भागूबाईंनीं यंत्रास हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घातलेला, आणि पुजलेल्या यंत्रास काम सांगूं नये हा राज्याचा रिवाज.

“भागूबाई, उद्यां दसरा हो,” बाईसाहेब म्हणाल्या.

भागूबाईंनीं क्षणभर यंत्राकडे पाहिलें. “हार ऱ्हाऊ द्या तसाच. दाबा बटन. पूजा झाल्याव काय खोटं मोजनार हाय व्हय त्ये?”

पहिली नळी नुसत्या धुतलेल्या कारखान्यांची. आंकडा जागचा हालेना. दुसरी पाणी घातलेली, आणि आंकडे ऐसे धांवले कीं ते टिपतां टिपतां बाईसाहेबांची लेखणी मागें पडली. त्र्यंबकराव प्रसादास आले होते, ते पेढा हातांतच धरून म्हणाले, “पुन्हां करा.” पुन्हां केलें, आणि तिसऱ्यांदा केलें, आणि तिन्ही वेळां तेंच. खोली बाईसाहेबांकडे राहिली. मग आणखी अकरा वर्षें खपून त्यांनीं त्या पाण्यांतलें एक प्रथिन हुडकून काढिलें, जें हुकुमाची नकल कारखान्याच्या दारापर्यंत पोंचवून काम सुरू करवितें. निबंध छापून आला, आणि शेवटीं आभारांत भागूबाईंचें नांव. बाईसाहेबांनीं ओळ दाखविली, भागूबाईंनीं तीवर बोट ठेवून विचारिलें, “येवढंसंच?” बाईसाहेब म्हणाल्या, “एवढंसंच. पण जगभर जाईल.” भागूबाईंनीं बोट बराच वेळ उचललें नाहीं.

एकूण वृत्तांत इतकाच. या मोहिमेंत तोफ उडाली नाहीं, मुलूख मात्र उजेडांत आला. मोरी दसऱ्यानंतर तिसरे दिवशीं मोकळी जाहली, परंतु त्या राज्यांत पहिल्या धुण्याचें पाणी तींत पुन्हां कोणीं ओतिलें नाहीं.