दीपगृहापर्यंतची पातळी

रविवार, १४ जून रोजी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी निवृत्त तपासनीस अकराव्यांदा मरण पावले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, शेजारच्या वहीत वेळ आणि मृत्यूचे कारण नोंदवले व कंट्रोलर पुन्हा हातात घेतला.

"आता कशाने?" पत्नीने दारातून विचारले.

"दरोडेखोर. झोळीत काय आहे, म्हणाले. मी सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"पाव आणि हातोडी. होतं तेच."

"'काही नाही' म्हणायची सोय नाही का त्यात?"

"आहे. पण माझा माणूस खोटं बोलत नाही."

"तुमचा माणूस अगदी तुमच्यावर गेलाय," असे म्हणून त्या पलंगावर टेकल्या.

हा खेळ लेकीने आणून दिला होता. ती जहाजावर इंजिनिअर. बापलेकीचे फोनवरचे बोलणे दोन मिनिटांपुढे कधी गेले नव्हते. 'जेवलीस का', 'तब्येत बरी ना' आणि 'आईला देतो', एवढ्यात ते आटोपे. मात्र ती लहान असताना घरच्या शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या लोखंडी पकडीत, लोखंड आवळून घासताना दोघे तासन्‌तास बोलत. हे लक्षात ठेवूनच ती म्हणाली होती, "बाबा, हात गुंतलेले असले की तुम्हाला बोलायला सुचतं. रविवारी दोन वाजता दोघं खेळातल्या आपापल्या गावातून निघू. दीपगृहापाशी भेटलो की आवाज ऐकू येतो. सहाला मी जहाजावर चढणार. मग पाच महिने रेंज नाही."

प्रत्येकाने आपल्या वाटेची पातळी स्वतः निवडायची होती: गोष्टीपुरती, सोपी, बेताची आणि निष्ठुर. खाली सूचना होती की, जी भूमिका जगायची तिला साजेशी पातळी घ्यावी. लढाई टाळणाऱ्यांनी पहिली घ्यावी. तपासनीसांची भूमिका ठरलेली होती: कुलपे दुरुस्त करणारा, शस्त्र न उचलणारा, खोटे न बोलणारा. त्यांनी ती सूचना दोनदा वाचली आणि 'निष्ठुर' निवडली. यंत्रांचे सुटे भाग तपासण्यात चौतीस वर्षे गेली होती. तेवढ्या काळात केसभर सवलत त्यांनी कोणाला दिली नव्हती. ती आता स्वतःला कशी देणार?

"पातळी खाली आणा की," पत्नी म्हणाल्या.

"माप सैल केलं की कुठलाही माल पास होतो."

"इथे माल कुठाय? पोरगी उभी असेल तिकडे."

"म्हणूनच. मी कसा पोचलो ते तिला कळायला नको?" त्यांनी हेडफोन कानावर चढवला. "आणि सहापर्यंत मला हाक मारू नकोस. काहीही झालं तरी."

त्यानंतर सगळे रीतसर बिघडत गेले. वाट बदलावी म्हणून ते नदीकडे वळले, तर नावाड्याने विचारले, "पोहता येतं?" ते "नाही" म्हणाले आणि नाव त्यांच्याशिवाय सुटली, काठावर ते थंडीने गेले. पुढे एका रिकाम्या घरात टेबलावर अन्न दिसले. मालकाला विचारून घ्यावे म्हणून ते दारात थांबले. मालक आला नाही, भुकेने आटोपले. लांडग्यापुढे हातोडी उगारायची नव्हती, म्हणून ते नुसते उभे राहिले. लांडग्याची तशी काही अट नव्हती. एकदा तर त्यांनी दरोडेखोरांच्या पेटीचे अडलेले कुलूप दुरुस्त करून दिले. सरदार खूश झाला, पाठ थोपटली आणि म्हणाला, "झोळीत काय आहे?"

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी वहीत अडतिसावी नोंद झाली. तपासनीसांनी घड्याळाकडे पाहिले. पस्तीस मिनिटे, मग पाच महिने. नापास मालावर सही करावी तशा जड हाताने त्यांनी पातळी बदलून 'गोष्टीपुरती' केली.

दरोडेखोर हजर होतेच. "झोळीत काय आहे?"

"पाव आणि हातोडी."

"खरं बोलणारा माणूस दिसतोस," सरदार म्हणाला आणि वेशीपर्यंत सोबत आला. नावाड्याने न पोहणाऱ्याला मुद्दाम मधोमध बसवले. ही पातळी त्यांच्या माणसाच्या मापानेच घडवलेली होती. ते कळायला साडेतीन तास लागले होते.

पाच वाजून एकेचाळीस मिनिटांनी ते दीपगृहापाशी पोचले. तिथे कोणी नव्हते.

"पोचलो गं," ते म्हणाले. नुसता लाटांचा आवाज आला. जवळच कुठे असेल, ऐकत असेल, म्हणून ते बोलत राहिले. "एक सांगायचंय. पातळी उतरवली मी शेवटी. तुला फसवून भेटायचं नाही." मग शेगडा अजून जागेवर आहे, त्याला मागच्या आठवड्यात तेल घातले, हेही सांगून झाले. सहा वाजले, तेव्हा त्यांनी हेडफोन उतरवला.

पत्नी फोन घेऊन आत आल्या. "चढली ती. आठ मिनिटांपूर्वीच ठेवला फोन."

"फोन? अगं, ती दीपगृहापाशी येणार होती."

"येते कसली. अर्ध्या वाटेत सारखी मरत होती. निष्ठुर घेतली होती तिनेही. बाबांना सोपं चालायचं नाही, म्हणाली. वैतागून चार चाळीसला इकडे फोन केला."

"मग मला हाक नाही मारलीस?"

"काहीही झालं तरी मारू नकोस, असं कोण म्हणालं?"

तपासनीसांनी कंट्रोलर खाली ठेवला. "माझं काही विचारलं?"

"विचारलं ना. बाबा कुठवर पोचले, म्हणाली. मी म्हटलं, दरोडेखोरांपर्यंत."

तपासनीसांनी वही पुढे ओढली, पट्टीने रेघ मारली आणि खाली लिहिले: मृत्यू ३८. लेकीशी बोलणे: आई ७२ मिनिटे, वडील ०.